घरचं लॉन : पिवळे चट्टे, लव्हाळा आणि माळीबुवांचा युरिया

निम्मा_पुणेकर | ११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मंडळी, मार्गदर्शन हवंय. तळेगावला घराच्या मागे साधारण ५०० चौरस फुटांचं लॉन आहे. नर्सरीवाल्याने गवताच्या शीट अंथरून दिल्या तेव्हा "सिलेक्शन वन आहे साहेब, काही बघायलाच लागत नाही" असं सांगितलं होतं. आता परिस्थिती अशी : सगळीकडे पिवळट झाक, मधूनमधून लव्हाळ्याच्या तणाचे तुरे आणि आंब्याखाली चक्क टक्कल.

माळीबुवांचं म्हणणं, युरिया मारा आणि दोन वेळा पाणी द्या. बायकोचं म्हणणं, सरळ फरशी घाला. नेटवर वाचलं तर कुणी सप्टेंबरात खत घाला म्हणतंय, कुणी तीन इंच उंची ठेवा म्हणतंय. काय खरं मानायचं?

जर्सीची_मावशी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

आमच्याकडे न्यू जर्सीत सगळे हेच करतात. सप्टेंबरात जमीन टोचून घ्यायची, वरून नवीन बी टाकायचं, थंडीच्या तोंडावर भरपूर खत. उंची तीन-साडेतीन इंच. आमचं लॉन एकदम गुबगुबीत आहे. करून बघा.

खुरपं_आणि_झारी | ११ फेब्रुवारी, रात्री ११:०२

मावशी, तुमचा सल्ला जर्सीत चोख, तळेगावात घातक. तुमच्याकडे केंटकी ब्लूग्रास नाहीतर टॉल फेस्क्यू असणार. ती थंडीची गवतं. उन्हाळ्यात दमतात, सप्टेंबरात पुन्हा उभी राहतात, म्हणून तेव्हा खत.

आपल्याकडचा सगळा माल उन्हाळी. हरळी (म्हणजे आपल्या दूर्वा), तिच्यातूनच निवडलेलं सिलेक्शन वन, बर्म्युडा, आणि 'मेक्सिकन' किंवा 'कोरियन' म्हणून विकतात ते झोयशिया. ऊस, मका, ज्वारी ज्या पद्धतीने ऊन वापरतात तीच यांची पद्धत. २७ ते ३५ अंशांत ही गवतं जोमात वाढतात. रात्री १० अंशांच्या आसपास गेल्या की थंडावतात आणि रंग उतरतो. तेव्हा फेब्रुवारीतला पिवळेपणा हा निम्मा तर आजारच नाही. झोपलेल्या गवताला युरिया घालून उठवायचं नसतं, त्याचा फायदा फक्त तणाला होतो.

उरलेल्या निम्म्यासाठी तीन गोष्टी सांगा. ऊन किती तास? पाणी नळाचं की बोअरचं? आणि पिवळं काय आहे, जुनी पानं की कोवळी?

निम्मा_पुणेकर | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

सकाळपासून दुपारी दीडपर्यंत ऊन, मग शेजारच्या इमारतीची सावली. आंब्याखाली जेमतेम दोन तास. पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर बसतो. आणि आत्ता भिंग घेऊन बसलो (हो, खरंच) : खालची पानं ठीक आहेत, वरची कोवळी पानं पिवळी, त्यात बारीक हिरव्या रेघा.

खुरपं_आणि_झारी | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

मग युरियाचा काही संबंध नाही. युरिया देतो नत्र, आणि नत्र कमी पडलं की जुनी पानं आधी पिवळी पडतात, कारण झाड त्यातलं नत्र काढून कोवळ्या पानांना देतं. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून लोह कमी पडलं की कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. तुमची माती चुनखडीची असणार, त्यात बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही.

उपाय स्वस्त आहे. हिराकस आणा, म्हणजे फेरस सल्फेट. लिटरला ५ ग्रॅम, सोबत १ ग्रॅम लिंबूसत्त्व. तुमच्या जागेला पाच लिटर द्रावण पुरे. ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. दोन-तीन दिवसांत रंग फिरायला लागेल, महिन्याने गरज वाटली तर परत.

एक काळजी : फवारा फरशीवर, कोबावर किंवा पांढऱ्या भिंतीवर पडला तर तांबडे डाग पडतात आणि ते जात नाहीत. पडल्या पडल्या धुवून टाका. नाहीतर फरशीचा प्रश्न बायको वेगळ्या पद्धतीने काढेल.

सातबारा_उतारा | १२ फेब्रुवारी, दुपारी १:३०

आमच्याकडे बारामती बाजूला हरळी खणून काढण्यात आज्याचा जन्म गेला, आता बापाचा चाललाय. उसात एक काडी राहिली तरी पावसाळ्यात सरी भरते. आणि तुम्ही तीच विकत घेऊन अंथरताय, वर हिराकस पाजताय. या, दोन ट्रॉल्या फुकट नेऊन टाका. भाडं तुमचं.

गंमत सोडा, पण एक सांगतो. हरळीला मरायला दोनच गोष्टी लागतात, सावली आणि साचलेलं पाणी. आंब्याखाली तुम्ही कितीही शीट टाका, ती जाणारच.

निम्मा_पुणेकर | १२ फेब्रुवारी, दुपारी २:०५

@सातबारा_उतारा 😄 मग आंब्याखाली काय करू?

अंगणवाली_जुई | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:५०

आमच्याकडे चिकूखाली तोच प्रकार होता. हरळीच्या जातीला सहा तास तरी ऊन हवं, झोयशिया चार-पाच तासांत निभावतं. दोन तासांत कुणीच नाही. तिथे मोंडो ग्रास लावा. दिसतं गवतासारखं, पण गवत नव्हे, कापावंही लागत नाही. नाहीतर बुंध्याभोवती गोल आखून वाळक्या पानांचं आच्छादन करा. आंब्यालाही ते बरं.

लिटरमागे_हिशेब | १२ फेब्रुवारी, रात्री ८:३०

पाण्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून आकडे मांडतो.

वाढीच्या दिवसांत उन्हाळी गवताला आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर पाणी पुरतं, एप्रिल-मेमध्ये थोडं जास्त. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. म्हणजे आठवड्याला ११५० लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर आठ आठवडे चालावा.

आता माळीबुवांची पद्धत. साधा पाइप मिनिटाला १५ ते २० लिटर ओततो. अर्धा तास सकाळी, अर्धा तास संध्याकाळी, आठवडाभर. कमीत कमी ६३०० लिटर. पाचपटीहून जास्त! आणि रोज वरवर भिजवल्याने मुळं वरच्या दोन इंचांतच राहतात, मग एक दिवस पाणी चुकलं की गवत माना टाकतं, आणि माळीबुवा म्हणतात, बघा, पाणी कमी पडतंय.

श्रीखंडाचे दोन-तीन रिकामे डबे लॉनवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, स्प्रिंकलर लावा आणि किती मिनिटांत किती पाणी साठतं ते पट्टीने मोजा. पंधरा मिनिटांत सहा मिलिमीटर भरलं, तर आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास. झालं. पाण्याची वेळ पहाटेची. रात्रभर पानं ओली राहिली की बुरशी येते.

निम्मा_पुणेकर | १२ फेब्रुवारी, रात्री ९:१५

बाप रे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा हिशेब छापून वाटतो. पण नेमकं कधी द्यायचं ते कसं ओळखायचं? वार ठरवून?

खुरपं_आणि_झारी | १२ फेब्रुवारी, रात्री ९:५०

वार ठरवू नका, गवताला विचारा. चालून गेल्यावर मागे वळून बघा. पावलांचे ठसे तसेच दबलेले दिसले, गवताचा रंग निळसर-करडा झाला, पातं मधोमध दुमडलं, की दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी. दबलेलं गवत लगेच उभं राहिलं तर अजून दोन दिवस थांबा.

टेक्सासचा_तात्या | १३ फेब्रुवारी, पहाटे ४:४५

डॅलसहून हजेरी. इथे घर घेतलं की पहिल्याच नोव्हेंबरात प्रत्येक देशी माणसाची तंतरते : लॉन पूर्ण तपकिरी. बर्म्युडा झोपतं, मार्च-एप्रिलपर्यंत तसंच. नवीन आलेले लोक बी काय टाकतात, खत काय घालतात, पाणी काय मारतात. काही करू नका, ते जिवंत आहे.

फेब्रुवारीत इथे एकच काम, तण उगवण्याआधीचं तणनाशक. मातीचं तापमान सलग काही दिवस ५५ फॅरनहाइट, म्हणजे १३ सेल्सिअसपर्यंत गेलं की क्रॅबग्रास हे तण उगवायला लागतं, त्याच्या आत टाकायचं. मग गवत हिरवं व्हायला लागलं की मेलेला थर अगदी खालपर्यंत कापून काढायचा, म्हणजे ऊन मुळाशी पोचतं. खत त्यानंतर.

टीव्हीवर ऑगस्टा नॅशनलचं गोल्फ मैदान एप्रिलमध्ये हिरवंगार दिसतं ना, तेसुद्धा मुळात बर्म्युडाच. थंडीच्या आधी त्यावर रायग्रास पेरतात, ते थंडीतलं गवत. आपण घरी तो खेळ खेळू नये. रायग्रास उन्हाळा लागेपर्यंत हटत नाही आणि खालच्या बर्म्युडाला ऐन उठायच्या वेळी सावली करतं.

ह्यूस्टनवाल्यांनो, तुमचं गवत सेंट ऑगस्टीन जातीचं असेल तर माझं ऐकू नका. ते तीन-चार इंच ठेवतात, खालपर्यंत कापलं तर मरतं. आणि तणनाशकाच्या पाकिटावर आपल्या गवताचं नाव आहे का ते वाचल्याशिवाय पिशवी फोडू नका. सेंट ऑगस्टीनवर चालणारी काही औषधं हिरव्या बर्म्युडाला जाळतात.

जर्सीची_मावशी | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

अच्छा, म्हणजे गवतागवतात एवढा फरक असतो! माझी बहीण अटलांटात आहे, तिला मीच सप्टेंबरचा सल्ला दिलाय. आत्ताच फोन करते.

मालवणी_खाजा | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

ही चुनखडी-हिराकस भानगड देशावरची. आमच्याकडे जांभ्याची माती, आम्लधर्मी. इथे उलट चुना घालावा लागतो, आणि तोही माती तपासून. कृषी विज्ञान केंद्रात माती परीक्षण करून मिळतं, फार पैसे लागत नाहीत. समुद्राच्या अगदी जवळ घर असेल तर पॅस्पॅलम गवत बघा, खारं वारं आणि खारट पाणी दोन्ही सोसतं. आमचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. पाणी तुंबलं की शेवाळ, शेवाळ धरलं की गवत गेलं. लॉन करताना उतार दिला नसेल तर नंतर औषधं मारून काही होत नाही.

निम्मा_पुणेकर | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

लव्हाळ्याचं राहिलं. माळीबुवा दर आठवड्याला उपटतात, पुढच्या आठवड्यात दुप्पट.

सातबारा_उतारा | १३ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

उपटून लव्हाळा गेला असता तर महाराष्ट्रात तो उरलाच नसता.

खुरपं_आणि_झारी | १३ फेब्रुवारी, दुपारी १:००

आधी तो लव्हाळाच आहे ना ते बघा. दांडा दोन बोटांत धरून फिरवा, तीन धारा लागल्या तर लव्हाळा. गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो.

जमिनीत त्याच्या गाठींची माळ असते, एकीला दुसरी जोडलेली. पहिली गाठ जिवंत असेपर्यंत पुढच्या बऱ्याचशा झोपून राहतात. वरून ओढलं की माळ तुटते आणि झोपलेल्या जाग्या होतात. माळीबुवांचं दुप्पट गणित तिथे आहे. जास्त गाठी वरच्या सहा इंचांत असतात, तेव्हा थोडाच असेल तर अरुंद खुरप्याने गाठीसकट काढायचा, आणि परत उगवला की पाचव्या पानाच्या आत पुन्हा. गाठीचा साठा संपेपर्यंत चिकाटी लागते.

सगळीकडे पसरला असेल तर हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक. उसातल्या लव्हाळ्यासाठी कृषी सेवा केंद्रात मिळतं, हरळी-बर्म्युडाला ते सोसतं. मात्रा पाकिटावरची, हातमोजे घालून, आणि लव्हाळा जोमात वाढत असताना. आत्ता थंडीत मारून उपयोग नाही. फवाऱ्याआधी दोन-तीन दिवस गवत कापू नका, औषध पानातून गाठीपर्यंत पोचायला पान हवं. दोन-तीन आठवड्यांनी पिवळा पडायला लागतो, तोवर "काहीच झालं नाही" म्हणून परत मारू नका. फुलझाडांच्या वाफ्यात उडालं तर झाडं जातील, तिथे हातच.

आणि लव्हाळा येतो कुठून? बहुतेक वेळा विकतच्या लाल मातीतून. नवीन लॉन करणाऱ्यांनी माती पसरून, दोनदा पाणी मारून, जे उगवेल ते गाठीसकट काढून मगच शीट टाकाव्यात. कंत्राटदाराला घाई असते, आपल्याला नसावी.

अंगणवाली_जुई | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:१५

औषध मारलेल्या लॉनमधल्या दूर्वा गणपतीला चालतील का? सासूबाई विचारत आहेत. आमच्याकडे रोज २१ ची जुडी जाते.

खुरपं_आणि_झारी | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:००

सासूबाईंना सांगा, नको. शिवाय रोज कापलेल्या लॉनला नीट तीन पात्यांचे कोंब मिळतच नाहीत. एका पसरट कुंडीत हरळी वेगळी वाढवा, तिला कातर आणि औषध दोन्ही लावू नका.

खोबरेल | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

कापण्याबद्दल कुणी लिहा ना. आमचे माळी महिन्यातून एकदा येऊन हजामत करून जातात, मग आठ-दहा दिवस सगळं वाळल्यासारखं.

टेक्सासचा_तात्या | १४ फेब्रुवारी, रात्री ८:५०

एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, सगळं त्यात आलं. सिलेक्शन वन, बर्म्युडा दीड इंच ठेवायचं असेल तर सव्वादोन इंच झालं की कापा. महिनाभर वाढू दिलं तर हिरवी पानं वरच राहतात आणि खाली नुसत्या काड्या. मग हजामत केली की काड्याच दिसणार, दुसरं काय?

कापल्यावर पात्याचं टोक जवळून बघा. सरळ कापलं असेल तर ठीक. टोकाला पांढरट धागे फुटलेले असतील तर ब्लेड बोथट आहे, गवत कापलं जात नाहीये, फाटतंय. दोन दिवसांनी हीच टोकं तपकिरी होतात आणि लोक बुरशीनाशक आणायला धावतात.

लिटरमागे_हिशेब | १४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

कापलेलं गवत उचलायचं का तिथेच टाकायचं? खाली जो स्पंजासारखा थर होतो तो त्यानेच होतो ना?

खुरपं_आणि_झारी | १४ फेब्रुवारी, रात्री १०:१०

नाही, हा गैरसमज सगळीकडे आहे. वेळेवर कापलेली बारीक टोकं आठ-पंधरा दिवसांत कुजून जातात आणि नत्र परत मातीला देतात. थर होतो तो न कुजणाऱ्या काड्या आणि धावत्या खोडांचा, आणि तो वाढतो अति युरिया नि अति पाण्याने. लॉनवर चालताना गादीवर चालल्यासारखं वाटलं तर तो झालाय समजा. मेक्सिकनमध्ये फार. नर्सरीत मखमल दिसते, न कापता ठेवलं की दोन वर्षांत टेंगळं येतात. माझं स्पष्ट मत, पोरं खेळणार असतील तर मेक्सिकन घेऊ नये.

निम्मा, तुमच्या लॉनचं वेळापत्रक : मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, रात्री उबदार झाल्या की, दाताळ्याने जोरात ओढून मेलेलं काढा. फोर्कने चार-चार इंचांवर भोकं पाडा. त्यावर चाळलेलं कंपोस्ट आणि वाळू, पाव इंचाचा थर. तुमच्या जागेला वीसेक घमेली लागतील. झाडूने असं पसरा की गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. मग युरिया, आता खुशाल : चौरस मीटरला १० ग्रॅम, म्हणजे सगळ्या लॉनला अर्ध्या किलोहून थोडा कमी. कोरड्या पानांवर, दोन दिशांनी अर्धा-अर्धा, आणि लगेच पाणी. सप्टेंबरपर्यंत दर दीड-दोन महिन्यांनी. मोठ्या पावसाच्या तोंडावर नको, सगळा गटारात जाईल. माळीबुवा मुठीने फेकतात तिथे आधी गडद हिरवे ठिपके येतात, मग जळके.

शेणखत घालणार असाल तर पूर्ण कुजलेलंच. अर्धवट कुजलेल्यात हुमणीची (मुळं खाणारी कीड) अंडी-अळ्या येतात.

निम्मा_पुणेकर | ६ एप्रिल, सकाळी ७:५५

अपडेट. हिराकसने चौथ्या दिवशी फरक दिसला. पाणी आठवड्यातून दोनदा, लॉनने तक्रार केलेली नाही. माळीबुवा रुसले होते, आता शेजारच्या बंगल्यात जाऊन डबे ठेवायला सांगतात. आंब्याखाली मोंडो लावलंय. लव्हाळा आहे अजून, पण पातळ.

रानडुक्कर | १९ जून, रात्री ९:०५

धागा वर काढतोय. नगरला पहिला पाऊस झाला आणि संध्याकाळी कडुलिंबावर तपकिरी भुंग्यांचा थवा. घरात दिव्यालाही येतायत. गेल्या वर्षी ऑगस्टात आमचं लॉन ठिकठिकाणी वाळलं होतं आणि साळुंक्या दिवसभर टोचत होत्या. संबंध आहे का?

सातबारा_उतारा | १९ जून, रात्री ९:४०

आहे ना! हुमणीचे भुंगे ते. कडुलिंब, बाभूळ, बोर यांवर पाला खायला येतात आणि तिथेच जोडी लावतात. मादी मग जमिनीत अंडी घालते, आणि अळी पावसाळाभर मुळं खाते. मुळंच नाहीत म्हटल्यावर वाळलेलं लॉन हाताने सोलून निघतं. साळुंक्या त्या अळ्याच खात होत्या, त्यांना हाकलू नका.

आत्ताच काम करा, ऑगस्टात पैसे जातात. रोज दिवेलागणीनंतर झाडाच्या फांद्या हलवा, खाली चादर अंथरा, पडलेले भुंगे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात. अंगणात दिवा लावून त्याखाली पाण्याचं टोपलं ठेवा. शेजारपाजारच्यांनाही करायला लावा, भुंगा कुंपण बघत नाही.

खुरपं_आणि_झारी | १९ जून, रात्री १०:२०

सोबत मेटारायझियम. ही हुमणीला मारणारी बुरशी आहे. कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून, पाऊस लागल्यावर लॉनवर पसरा. तिला ओल लागते, म्हणून आत्ताच. तिच्याबरोबर बुरशीनाशक मारू नका, दोन्ही पैसे वाया. जुलैअखेर शंकेच्या जागी एक फूट बाय एक फूट सोलून मोजा. एक-दोन अळ्या असतील तर सोडून द्या, गवत भरून काढतं. पाच-सहाच्या वर गेल्या तर इथे लिहा, मग पुढचं बघू.

रानडुक्कर | १९ जून, रात्री १०:३५

धन्यवाद दोघांना. चादर जुनी घेतो, टोपलं शोधतो. रॉकेल मिळत नाही हल्ली, साबणाचं पाणी चालेल का?

सातबारा_उतारा | १९ जून, रात्री १०:४१

चालतंय. फेस जरा जास्त करा.